खापर इच्छाशक्तीच्या माथी

माणसे व्यायाम का करत नाहीत, या प्रश्नाला मराठी मध्यमवर्गाकडे, त्याच्या डॉक्टरांकडे आणि त्याच्यासाठी लिहिल्या जाणाऱ्या आरोग्यविषयक पुस्तकांकडे एक उत्तर कायम तयार असते: मनापासून वाटत नाही म्हणून; वाटले असते तर वेळ काढला असता. या मताला येथे सोयीसाठी ‘इच्छाशक्तीवाद’ म्हटले आहे. व्यायाम करणे अथवा न करणे हे मुख्यतः व्यक्तीच्या अंगच्या निर्धाराचे फळ असून तिच्या भोवतीची जागा, माणसे आणि रीतिरिवाज यांचा वाटा फार तर दुय्यम आहे, असे मानणारी ही भूमिका आहे. ती कोणा एका ग्रंथात पद्धतशीर मांडलेली नसल्यामुळे तिचा प्रतिवादही क्वचित होतो. दवाखान्यातली तंबी, शाळेच्या स्नेहसंमेलनातील पाहुण्यांचे भाषण, रविवारच्या पुरवणीतले सदर अशा ठिकाणी ती विखुरलेली असते आणि ऐकणाऱ्याला ती मत न वाटता व्यवहारज्ञान वाटते. तिच्या बाजूने केले जाणारे युक्तिवाद वरकरणी बिनतोड असल्यामुळे ते एकेक करून तपासणे भाग आहे.

त्यांतला सर्वांत जुना युक्तिवाद सूर्यनमस्काराचा. सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते, साधन लागत नाही, पैसा लागत नाही, जोडीदार लागत नाही. तेव्हा मैदान नाही, पदपथ नाही, सोबत नाही या तक्रारी म्हणजे आळसावर घातलेले पांघरूण होय, असे इच्छाशक्तीवादी सांगतो. पण हा दाखला ज्या इतिहासातून उचलला आहे, तो इतिहासच त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा प्रसार करणाऱ्यांत औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे नाव अग्रभागी येते. ते स्वतः नेमाने नमस्कार घालत आणि त्यांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. परंतु प्रजेच्या निर्धारावर विसंबून न राहता त्यांनी संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. म्हणजे ज्या व्यायामाला एकट्याच्या निग्रहाचा आदर्श नमुना मानले जाते, तो या संस्थानात राजाज्ञा, शाळेचे वेळापत्रक, शिक्षकाची नजर आणि शेजारच्या सतरंजीवरचा वर्गमित्र यांच्या आधारावर उभा होता. स्वतः निग्रही असलेल्या माणसाला निग्रह पुरत नाही हे कळले होते, आणि सूर्यनमस्काराचा हवाला देणाऱ्यांना मात्र ते कळलेले दिसत नाही.

दुसरी अडचण कालक्रमाची आहे आणि ती अधिक मूलगामी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची, म्हणजे झपझप चालण्यासारखी, अथवा ७५ मिनिटे जोरकस हालचाल करावी. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजांप्रमाणे हा निकष न गाठणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० साली २२.३ टक्के होते, ते २०२२ साली ४९.४ टक्के झाले. हे आकडे अनेक सर्वेक्षणे एकत्र करून संख्याशास्त्रीय पद्धतीने काढलेले अंदाज आहेत, त्यामुळे त्यांत इकडेतिकडे होण्यास वाव आहे. पण दुपटीहून मोठी वाढ ही मोजमापातील चुकीने समजावून देता येण्यासारखी नाही. आता इच्छाशक्तीवाद खरा मानायचा तर बावीस वर्षांत एका अख्ख्या देशाचा निर्धार ढासळला असे म्हणावे लागेल, आणि तेही नेमक्या त्याच काळात, ज्या काळात मुलांनी स्पर्धा परीक्षांसाठी वर्षानुवर्षे अभ्यासिकांत बैठक मारली आणि त्यांच्या आईवडिलांनी नोकरीपायी रोजचा तीन-तीन तासांचा प्रवास निमूट सोसला. निर्धार आटल्याची ही लक्षणे नव्हेत. बदलले ते रस्ते, वाहने, कामाचे स्वरूप आणि घर ते कचेरी हे अंतर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगढ येथे झालेल्या मधुमेहविषयक पाहणीत (शारीरिक हालचालीसंबंधीचे तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले) शहरी भागात सुमारे ६५ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे ५० टक्के लोक निष्क्रिय आढळले, आणि फावल्या वेळात हौसेने व्यायाम वा खेळ करणारे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. खेड्यातला माणूस शहरातल्यापेक्षा अधिक निग्रही असतो म्हणून हा फरक पडला, असे म्हणण्यास कोणी धजावणार नाही. त्याची हालचाल त्याच्या दिवसाच्या रचनेतच बसवलेली असते.

इच्छाशक्तीवादी येथे दोन बाजूंनी उत्तर देतो. एक असे की, शेतातले कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायाम तो, जो शरीरासाठी म्हणून हेतुपूर्वक केला जातो. हा भेद मान्य करता येतो, पण त्यातून त्याला हवे ते निष्पन्न होत नाही. आधीच्या पिढ्यांना निरोगी राहण्यासाठी या हेतुपूर्वक व्यायामाची गरज तुलनेने कमी होती. जे पूर्वी परिस्थिती आपोआप देत असे, ते आता एकेकट्याने मनाच्या बळावर निर्माण करावे अशी अपेक्षा नव्याने लादली गेली आहे, आणि ती पुरी झाली नाही की दोषही त्यालाच दिला जातो. दुसरे उत्तर असे की, एकाच चाळीत, एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोघांपैकी एक धावतो आणि एक धावत नाही, तेव्हा परिसर कारण कसा? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत व्यायामाच्या सवयीतील फरकांमागे आनुवंशिकतेचा मोठा वाटा आढळला आहे, याचाही येथे आधार घेतला जातो. परंतु आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणजे दिलेल्या परिस्थितीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला जनुकांचा हिस्सा. सगळ्यांची सरासरी पातळी कोठे असेल, हे ते प्रमाण सांगत नाही. जनुके बावीस वर्षांत बदलत नाहीत, पातळी मात्र बदलली. चाळीतल्या दोघांत फरक का, आणि आख्खी चाळ पूर्वीपेक्षा कमी का हलते, हे दोन निराळे प्रश्न असून पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवणे हीच या वादातली मूळ गफलत आहे.

इच्छाशक्तीवाद्याचा खरोखर वजनदार आक्षेप निराळाच आहे आणि तो टाळून चालणार नाही. ज्याला ‘स्वनिवड’ म्हणतात, म्हणजे माणसे आपल्या स्वभावाप्रमाणे जागा आणि सोबती निवडतात ही गोष्ट, तिच्यामुळे परिसराचा म्हणून दिसणारा परिणाम मुळात स्वभावाचा असू शकतो. याचे अभिजात उदाहरण लंडनच्या दुमजली बसगाड्यांचे आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवले की, दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. परंतु १९५६ साली मॉरिस यांनीच गणवेशाच्या मापांची नोंद तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर मुळातच मोठी असल्याचे आढळले. म्हणजे चालक आणि वाहक यांच्यातला काही फरक कामाआधीचाच असू शकत होता. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाला अडचणीत आणणारा पुरावा स्वतःच शोधून छापणे ही विज्ञानातली दुर्मिळ गोष्ट आहे आणि इच्छाशक्तीवाद्याने तो पुरावा वापरला तर त्यात गैर काही नाही.

मात्र संशोधन १९५६ साली थांबलेले नाही. स्वनिवडीचा आक्षेप निकालात काढायचा तर एकाच माणसाला दोन परिसरांत पाहावे लागते, आणि अमेरिकेत ते झाले आहे. ‘नेचर’मध्ये २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पावले मोजणारे अ‍ॅप वापरणाऱ्या आणि त्या काळात एका शहरातून दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांची आधीची आणि नंतरची पावले तपासली गेली. पायी फिरण्यास बऱ्याच अधिक सोयीच्या शहरात गेलेल्यांची पावले दिवसाला सुमारे ११०० ने वाढली, कमी सोयीच्या शहरात गेलेल्यांची तितकीच घटली, आणि सारख्याच सोयीच्या शहरात गेलेल्यांत फरक पडला नाही. बिऱ्हाड हलवताना माणूस आपला स्वभाव मागे ठेवून जात नाही. निर्धारी माणसे चांगल्या शहरात जातात असे म्हणावे, तर तीच माणसे तेथे जाण्यापूर्वी कमी का चालत होती याचे उत्तर द्यावे लागते, आणि वाईट शहरात गेलेल्यांचा निर्धार वाटेत कोठे गळाला हेही सांगावे लागते.

सोबतीच्या बाबतीत हाच पेच अधिक बिकट होता, कारण धावणाऱ्याचे मित्र धावणारेच असतात. सिनान अराल आणि ख्रिस्तोस निकोलाइडिस यांनी २०१७ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये त्यावर काढलेला तोडगा कल्पक आहे. सुमारे अकरा लाख धावपटूंच्या पाच वर्षांच्या नोंदी घेऊन त्यांनी हवामानाचा उपयोग केला. एका शहरात पाऊस पडला की तेथील माणूस कमी धावतो. त्याचा दूरच्या शहरातला मित्र, जेथे आभाळ निरभ्र आहे, तोही त्या दिवशी कमी धावला तर त्या घटीचे श्रेय पावसाला देता येत नाही, मित्रालाच द्यावे लागते. या पद्धतीने निघालेला निष्कर्ष असा की, मित्रांनी एक किलोमीटर अधिक धावल्यास माणूस त्याच दिवशी सुमारे ०.३ किलोमीटर अधिक धावतो. हे लोक मुळात धावणारे आणि मनगटी यंत्रे बाळगणारे होते, सर्वसामान्य जनतेचा नमुना नव्हते, हे खरे. पण ज्यांची इच्छाशक्ती सर्वांत पक्की मानली जाते त्यांचीही धाव अशी दूरच्या मित्राच्या धावण्यावर हलत असेल, तर इतरांच्या बाबतीत स्वयंभू निर्धाराची भाषा आणखीच लटकी पडते.

प्रयोगांच्या पलीकडे जाऊन संस्थांकडे पाहिले तर महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण कोल्हापूरचे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कुस्तीला राजाश्रय मिळाला, मल्लांच्या राहण्याखाण्याची सोय झाली, मोतीबाग, गंगावेश यांसारख्या तालमींचा लौकिक वाढला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, जे खोलगट असल्यामुळे कोठेही बसलेल्या प्रेक्षकाला मधली कुस्ती दिसते. ही शेवटची गोष्ट स्थापत्याची वाटली तरी तिचा संबंध प्रेरणेशी आहे: हजारो लोकांदेखत लढण्याची शक्यता ज्या गावात डोळ्यांसमोर असते, तेथे पोराला पहाटे उठवण्यासाठी उपदेशाची गरज भासत नाही. तालमीची आतली रचना त्याहून महत्त्वाची आहे. हौदा, म्हणजे ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या तांबड्या मातीचा आखाडा, मारुतीची मूर्ती, गावोगावच्या पोरांना राहण्यासाठी खोल्या, आणि सर्वांवर लक्ष ठेवणारा वस्ताद. जोर-बैठकांना आणि लढतीच्या सरावाला तेथे ‘मेहनत’ म्हणतात, आणि ती जोडीने होते: बरोबरीच्या वजनाचा जोडीदार आला नाही तर दुसऱ्याची लढत बुडते, म्हणून दांडी मारणारा स्वतःपुरती दांडी मारत नाही, त्याला जोडीदाराला आणि वस्तादाला तोंड द्यावे लागते. इच्छाशक्तीवाद ज्या ओझ्याखाली एकट्या माणसाला उभे करतो, ते ओझे ही रचना दहा खांद्यांवर वाटून टाकते.

याच कोल्हापुरात पुढे जे घडले, ते इच्छाशक्तीवादाला सर्वांत अडचणीचे आहे. कित्येक पेठांच्या तालमींतली कुस्ती मागे पडली, परंतु तालमी राहिल्या, आणि त्यांनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही आज शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या फुटबॉल संघांची नावे आहेत, आणि बाहेरच्या माणसाला चेंडूचा तालमीशी काय संबंध हा प्रश्न पडतो. व्यायामाची ओढ जर व्यक्तीच्या मनात साठवलेली असती, तर ती एका प्रकाराकडून दुसऱ्याकडे अशी पेठेच्या पेठेने सरकली नसती. खेळ बदलला, पेठेची इरेसरी, संघाचा रंग आणि तालमीची पायरी तीच राहिली. ही इरेसरी कधीकधी मैदानावरच्या हाणामारीपर्यंत जाते, तेव्हा तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण शेजारच्या जिल्ह्यांतील तरुण काही कमी दमाचे नाहीत, आणि तरीही फुटबॉलचे असे वेड तेथे दिसत नाही, याचे स्पष्टीकरण संस्थेत शोधावे लागते.

येथे हमखास खाशाबा जाधवांचे नाव पुढे केले जाते. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, मिळवणारा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल जिद्दीचे मूर्तिमंत उदाहरण होताच, त्यात वाद नाही. पण वडील दादासाहेब स्वतः मल्ल, गावात कुस्तीचे वातावरण, शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य आणि हेलसिंकीच्या वेळी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून उभे केलेले सात हजार रुपये, हे सर्व वगळून उरते ती जिद्द त्यांना कोठवर नेऊ शकली असती, हा प्रश्न इच्छाशक्तीवादी स्वतःला कधी विचारत नाही.

याच्या उलट आक्षेप असा येतो की, जागा आणि साधने दिली तरी लोक येत नाहीत. नगरसेवकांच्या निधीतून बागेबागेत बसवलेली उघड्यावरची व्यायामाची यंत्रे पाहावीत. त्यांवर लहान मुले झोके घेतात आणि पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर त्यांची करकर तेवढी उरते. हे वर्णन खोटे नाही, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. यंत्र बसवले म्हणजे परिसर घडला असे नव्हे. तेथे वस्ताद नाही, जोड नाही, ठरलेली वेळ नाही, न आल्यास विचारणारे कोणी नाही, आणि ज्या तालमींची इमारत शाबूत असून वस्ताद गेला, त्यांचीही हीच गत होते. निव्वळ निर्धाराच्या भरवशावरही फार लांब जाता येत नाही, हे स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले: अमेरिकेतील जिमचे मासिक शुल्क भरणारे सभासद इतके कमी वेळा जात की त्यांना एका खेपेला १७ डॉलरहून अधिक पडत; दहा खेपांचा पास घेतला असता तर हीच खेप १० डॉलरला पडली असती. त्यांच्याकडे इच्छा होती, पैसा होता, कराराची सहीही होती. यावर ‘म्हणजे इच्छा पुरेशी नव्हती’ असे म्हणणे हे स्पष्टीकरण नाही, कारण मग इच्छा पुरेशी होती की नव्हती हे परिणाम पाहूनच ठरणार, आणि कोणत्याही पुराव्याने खोटा न ठरणारा सिद्धांत काही सांगतही नाही.

व्यक्तीला दोष देताना परिसराचा प्रश्न नजरेआड राहतो: मुंबईत दरडोई मोकळी जागा दीड चौरस मीटरही भरत नाही, याचा उल्लेख आरोग्याच्या व्याख्यानांत क्वचित होतो. उलट बोगोटा या कोलंबियाच्या राजधानीत १९७४ पासून रविवारी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत रस्ते वाहनांना बंद ठेवले जातात, आज १२० किलोमीटरहून अधिक, आणि शहर चालायला, धावायला, सायकलीवर फिरायला बाहेर पडते. पुण्यात वेताळ टेकडीवर रोज चढणाऱ्यांनी टेकडी फोडून जाणाऱ्या रस्त्यांना विरोध केला, तेव्हा त्यांना विकासविरोधी ठरवणाऱ्यांतच एरवी व्यायामाचा उपदेश करणारे होते. ही विसंगती केवळ गमतीची नाही, ती इच्छाशक्तीवादाची उपयुक्तता दाखवते. दोष व्यक्तीचा ठरला की अंदाजपत्रकात पदपथासाठी तरतूद करण्याचा प्रश्न उरत नाही, शाळेच्या मैदानावर इमारत उठवणाऱ्याला जाब विचारावा लागत नाही, आणि ‘रोज अर्धा तास’ असा फलक लावून काम भागते. परिसरावर बोट ठेवणे म्हणजे व्यक्तीला जबाबदारीतून मोकळे करणे, हा नैतिक आक्षेप म्हणूनच उलटा आहे: परिसर माणसेच घडवतात, त्यामुळे त्याकडे लक्ष वळवल्याने जबाबदारी नाहीशी होत नाही, ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्यापर्यंत ती पोचते.

परिसराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मात्र समाज नेहमी प्रेरणाच देतो असा भाबडा समज करून घेऊ नये, कारण तोच समाज प्रेरणा मारूही शकतो, आणि इच्छाशक्तीवादाचा सर्वांत कठोर प्रतिवाद याच ठिकाणी सापडतो. २०२२ च्या उपरोक्त अंदाजात अपुरी हालचाल करणाऱ्या भारतीय स्त्रिया ५७ टक्के आणि पुरुष ४२ टक्के आहेत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या मुंबईवरील पुस्तकात दाखवले आहे की, सार्वजनिक जागेत स्त्रीला सतत काहीतरी कामासाठी बाहेर पडल्याचे दाखवत राहावे लागते. साडीवर कॅनव्हासचे बूट घालून चौघीचौघींनी सकाळी फिरायला निघणे हे त्यामुळे निव्वळ सोबतीसाठी नसते; घोळका हाच तेथे परवाना असतो. अराल-निकोलाइडिस यांच्या अभ्यासातही पुरुषांवर स्त्री-पुरुष दोघांच्या धावण्याचा प्रभाव दिसला, स्त्रियांवर मात्र फक्त स्त्रियांचा. तालमींची दारे तर स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या बंदच होती. तरीही अलीगढला नावारूपाला आलेल्या मल्ल हमीदा बानू १९४०-५० च्या दशकांत पुरुष मल्लांशी लढत असत. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली त्यांची लढत कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा पुरुषांसाठी १९६१ साली सुरू झाली, आणि स्त्रियांसाठीची पहिली २०२३ साली सांगलीत झाली, जी प्रतीक्षा बागडी यांनी जिंकली. मधल्या बासष्ट वर्षांत महाराष्ट्रातल्या मुलींची इच्छाशक्ती कोठे दडून बसली होती, याचे उत्तर देण्याचे काम इच्छाशक्तीवाद्यांवर सोपवलेले बरे.